‘बोर्ड’ या शब्दाची बिऱ्हाडे

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागील अंकात आम्ही वाचकांना रोजच्या बोलण्यातल्या एखाद्या इंग्रजी नामाविषयीच्या शंका कळवण्याची विनंती केली होती. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत एकच शब्द पुन्हा पुन्हा आला, म्हणून हे संपूर्ण पान त्या शब्दालाच दिले आहे.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. माझे शिक्षण साताऱ्यात बोर्डिंगमध्ये राहून झाले. गेल्या महिन्यात मुलीकडे दिल्लीला जाताना पुण्याच्या विमानतळावर माझ्या हातात ‘बोर्डिंग पास’ दिला गेला आणि मी क्षणभर थबकलो. आमचे बोर्डिंग म्हणजे पत्र्याची ट्रंक, रांगेतले ताट, ज्वारीची भाकरी आणि पातळ आमटी. या दोन बोर्डिंगांचा एकमेकांशी काही संबंध आहे, की केवळ उच्चार सारखा आहे?
— एक निवृत्त शिक्षक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : गुरुजी, संबंध आहे, पण तो सख्ख्या भावांचा नसून एकाच वाड्यात वाढलेल्या चुलत भावांचा आहे. जुन्या इंग्रजीत एकाच उच्चाराचे दोन शब्द होते. एकाचा अर्थ लाकडाची फळी, आणि दुसऱ्याचा अर्थ कड किंवा बाजू, विशेषतः जहाजाची बाजू. जहाजाची बाजू फळ्यांचीच बनलेली असल्यामुळे हे दोन्ही शब्द पुढे एकमेकांत इतके मिसळले, की आज बोलणाऱ्याला ते वेगळे असल्याची शंकाही येत नाही. आपल्या हातातला ‘बोर्डिंग पास’ आला तो दुसऱ्या शब्दाकडून. जहाजाच्या बाजूवरून आत पाऊल टाकणे, म्हणजेच जहाजावर चढणे, याला ‘बोर्ड’ करणे म्हणू लागले. पुढे आगगाडी आली, मग विमान आले, आणि वाहन बदलले तरी क्रियापद तेच राहिले.

आपले साताऱ्याचे बोर्डिंग आले ते पहिल्या शब्दाकडून, म्हणजे फळीकडून. मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये सामान्य घरात जेवणाचे कायमचे टेबल क्वचितच असे. जेवणाच्या वेळी लाकडी घोड्यांवर लांब फळ्या टाकायच्या, भोवती बसून जेवायचे आणि जेवण उरकले की फळ्या भिंतीला टेकवून ठेवायच्या, अशी रीत होती. त्यामुळे फळी म्हणजे टेबल, टेबल म्हणजे त्यावरचे जेवण, आणि पुढे पैसे देऊन मिळणारे रोजचे जेवण, असा अर्थ सरकत गेला. आपल्याकडे ‘आज किती पाने आहेत?’ असे विचारले की कोणी पाने मोजत नाही, जेवणारी माणसे मोजतो. ज्यावर जेवायचे त्या वस्तूने जेवणाराची जागा घेण्याची ही चाल मराठीला मुळीच परकी नाही.

म्हणूनच इंग्रजीत काटेकोरपणे पाहिले तर ‘बोर्डिंग’ म्हणजे जेवण आणि ‘लॉजिंग’ म्हणजे राहणे. एसटी स्टँडजवळच्या जुन्या हॉटेलांवर ‘बोर्डिंग अँड लॉजिंग’ असे दोन शब्द एकत्र रंगवलेले आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. त्यांत पुनरुक्ती नाही, पहिला शब्द खाणावळीचा आहे आणि दुसरा मुक्कामाच्या खोलीचा. मराठीने मात्र ‘बोर्डिंग’ हा शब्द उचलताना त्यात जेवण, मुक्काम, अभ्यास आणि शिस्त हे सगळेच एकत्र बांधून घेतले, आणि ‘लॉज’ला नुसत्या खोलीपुरते मागे ठेवले.

यामागे आपल्या भागाचा इतिहास आहे आणि तो सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि त्यामागून निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे उभी राहिली. त्यांपैकी जैन बोर्डिंगमध्ये भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी राहत होता. त्याच भाऊरावांनी 1919 मध्ये कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकच बोर्डिंग काढले. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. वेगवेगळ्या जातींची मुले एका ओळीत बसून एकाच चुलीवरचे अन्न खातात, ही गोष्ट त्या काळी किती अवघड होती, हे आपल्यासारख्यांना सांगायला नको. बोर्डिंगातल्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रसुद्धा मोडले. इंग्रजी शब्दातला मूळ अर्थ जेवणाचा आहे, हे ठाऊक नसतानाही त्या माउलीने तो शब्द जितका खरा केला, तितका कोणत्याही कोशाने केलेला नाही, असे आम्हांला मनापासून वाटते.

याच जिल्ह्यात पाचगणीला निवासी शाळांची एक निराळी, इंग्रजी वळणाची परंपरा आहे. तिथे राहणाऱ्या मुलाला ‘बोर्डर’ म्हणतात. ‘बॉर्डर’, म्हणजे सीमा, हा शब्द मात्र वेगळा लिहावा. तो फ्रेंचमधून फिरून आला असला तरी त्याचे मूळ ‘कड’ या अर्थाच्या त्याच दुसऱ्या शब्दात आहे, त्यामुळे नाते पुन्हा जुळतेच.

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्या आहेत आणि तिघांचे ‘बोर्ड’ तीन आहेत. आजोबा ‘लोकल बोर्डाची शाळा’ म्हणतात, वडील वीज गेली की ‘बोर्डात फोन लाव’ म्हणतात आणि मुलगा दहावीला असल्यामुळे त्याच्या तोंडी दिवसभर ‘बोर्ड’ म्हणजे परीक्षा. लाकडाच्या फळीला कार्यालयाचा अर्थ कसा आला, आणि मराठीत ‘मंडळ’ असताना हा शब्द का टिकला?
— एक गृहिणी, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : वरच्या उत्तरातली फळी इथेही तीच आहे. फक्त तिच्यावरचे जेवण उचलून कागद ठेवले गेले. ज्या टेबलाभोवती बसून कारभारी मंडळी खलबत करत, त्या टेबलाला ‘बोर्ड’ म्हणत. सोळाव्या शतकापासून तो शब्द टेबल सोडून त्याभोवती बसलेल्या माणसांनाच लागू लागला. मराठीत ‘बैठक’ हा शब्द असाच चालतो. दिवाणखान्यात अंथरलेली तीही बैठक आणि तिच्यावर बसून झालेली चर्चा तीही बैठक. न्यायालयाच्या ‘खंडपीठा’तले पीठ म्हणजेही मूळचे आसनच.

साताऱ्याने तर या अर्थाच्या बोर्डाशी फार पूर्वी झुंज दिली आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर ब्रिटिश सरकारचा ताबा राहावा म्हणून 1784 च्या कायद्याने लंडनमध्ये ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ नेमले गेले होते. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना 1839 मध्ये पदच्युत केल्यानंतर त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि कंपनीच्या संचालकांपुढे व इंग्रज सत्ताधाऱ्यांपुढे वर्षानुवर्षे दाद मागत राहिले. दाद मिळाली नाही आणि 1848 मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले. ज्या टेबलाभोवती आपला कोणी बसलेला नाही, तिथे आपले म्हणणे पोहोचवणे किती कठीण असते, हे त्या एका माणसाच्या खटपटीतून दिसते.

आता आपल्या घरातली तीन बोर्डे पाहू. आजोबांचे ‘लोकल बोर्ड’ म्हणजे ब्रिटिश अमदानीपासून चालत आलेली जिल्ह्याची स्थानिक कारभाराची संस्था. रस्ते, धर्मशाळा, दवाखाने ही तिची कामे. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि लोकल बोर्ड इतिहासजमा झाले. प्राथमिक शाळांसाठी 1923 च्या कायद्याने स्वतंत्र ‘स्कूल बोर्ड’ आले होते, तरी लोकांच्या बोलण्यात दोन्ही बोर्डे एकमेकांत मिसळलेली असत. आजोबांचा जुना दाखला घरात असेल तर तो जरूर काढून पाहा. 1949 नंतरच्या आणि 1960 पूर्वीच्या कागदावर जिल्हा ‘दक्षिण सातारा’ असा लिहिलेला आढळेल, कारण सांगली जिल्ह्याचे तेव्हाचे नाव तेच होते.

वडिलांचे बोर्ड म्हणजे 1960 मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. 2005 मध्ये त्याचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. त्यामुळे कायद्याने आज वीज देणारे ‘बोर्ड’ उरलेले नाही. तरीही रात्री मोटार बंद पडली की शेतकरी ‘बोर्डाची लाइट गेली’ असेच म्हणतो. कागदोपत्री मोडलेली संस्था बोलण्यात जिवंत राहते, याचे हे ठळक उदाहरण आहे, आणि ते बदलण्याचा आग्रह धरावा असे आम्हांला वाटत नाही.

मुलाचे बोर्ड म्हणजे माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ. त्याचे कोल्हापूर विभागीय मंडळ आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी आहे. इथे शब्द आणखी एक पाऊल पुढे गेला आहे. मंडळ जी परीक्षा घेते, त्या परीक्षेलाच ‘बोर्ड’ म्हणतात. ‘यंदा माझे बोर्ड आहे’ हे वाक्य पूर्णपणे मराठी मातीत घडलेले आहे. गुणवत्ता यादी जाहीर होत असे, त्या काळात ‘बोर्डात आला’ एवढे दोन शब्द गावात पेढे वाटायला पुरेसे होते.

‘मंडळ’ असूनही ‘बोर्ड’ का टिकला, या प्रश्नाचे आमचे उत्तर असे आहे. मराठीत मंडळ म्हणताच गणेश मंडळ, महिला मंडळ, तरुण मंडळ डोळ्यांसमोर येते, म्हणजे आपण होऊन एकत्र आलेली माणसे. ‘बोर्ड’ मात्र वरून आलेले आणि शिक्का मारणारे. लोकांनी हा फरक नेमका ओळखला आणि दोन शब्दांत कामाची वाटणी करून टाकली.

एक गोष्ट मात्र कान देऊन ऐकण्यासारखी आहे. आपण ‘दुकानाला बोर्ड लावला’ असे म्हणतो, पण ‘ते बोर्ड बरखास्त झाले’ असे म्हणतो. पहिला बोर्ड पुल्लिंगी, कारण त्याच्यामागे ‘फलक’ उभा आहे. दुसरे बोर्ड नपुंसकलिंगी, कारण त्याच्यामागे ‘मंडळ’ आहे. ‘ते बोर्डिंग’ हेही ‘वसतिगृहा’च्या लिंगाने चालते. इंग्रजीत निर्जीव वस्तूच्या नावाला व्याकरणाचे लिंग नाही. शब्द उसना आणला तरी त्याचे लिंग आपणच ठरवले, आणि अर्थाप्रमाणे वेगवेगळे ठरवले. ‘बोर्डाची परीक्षा’ यातले सामान्यरूपही असेच आपले आहे. हल्ली ‘बोर्डची परीक्षा’ असे छापलेले दिसते. ते आम्हांला खटकते, कारण आजोबा-पणजोबांनी शंभर वर्षांपूर्वी पचवलेल्या शब्दाला आपण पुन्हा पाहुणा करून ठेवतो.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. ‘अबव्ह बोर्ड’, ‘ओव्हरबोर्ड’, ‘अक्रॉस द बोर्ड’ असे वाक्प्रचार मुले पाठ करतात, पण त्यांत बोर्ड कुठे आहे, हे त्यांना दिसत नाही. वर्गात कसे समजवावे?
— एक शिक्षिका, विटा (जि. सांगली)

उत्तर : प्रत्येक वाक्प्रचारापुढे ‘हा बोर्ड कोणता?’ एवढाच प्रश्न फळ्यावर लिहावा, असे आम्ही सुचवतो. ‘अबव्ह बोर्ड’मधला बोर्ड म्हणजे पत्ते खेळण्याचे टेबल. ज्याचे हात टेबलाच्या वर दिसतात तो पत्ते बदलत नाही, म्हणून व्यवहार चोख. मराठीत ‘उघड मामला’ जवळचा आहे. ‘ओव्हरबोर्ड’मधला बोर्ड जहाजाची बाजू. तिच्यावरून पलीकडे गेला तो समुद्रात पडला, आणि त्यावरून मर्यादेबाहेर वाहवत जाणे. ‘अक्रॉस द बोर्ड’, म्हणजे सरसकट, हा घोड्यांच्या शर्यतीतून आला. घोडा पहिला, दुसरा वा तिसरा आला तरी पैसे मिळावेत अशी एकत्र लावलेली पैज, आणि तिथला बोर्ड म्हणजे आकडे लिहिलेला फलक. पगारवाढ सरसकट झाली असे सांगताना हा वाक्प्रचार वापरतात, हे मुलांना लगेच पटेल.

जोडशब्दही असेच उलगडतात. ‘कपबोर्ड’ मूळचे कप मांडून ठेवण्याची फळी होते, आजच्या कपाटासारखे दार त्याला नंतर आले. ‘कबर्ड’ हा त्याचा उच्चार इतका झिजला आहे की त्यातला कपही ऐकू येत नाही आणि बोर्डही. जहाजाची उजवी बाजू ‘स्टारबोर्ड’ हिचा ताऱ्यांशी काहीच संबंध नाही. जुन्या जहाजांचे सुकाणूचे वल्हे उजव्या बाजूला असे, म्हणून ती ‘सुकाणूची बाजू’. डाव्या बाजूला ‘लारबोर्ड’ म्हणत, पण वादळात आरोळी ठोकल्यावर दोन्ही शब्द सारखेच ऐकू येत. म्हणून ब्रिटिश नौदलाने 1844 मध्ये ‘लारबोर्ड’ सोडून ‘पोर्ट’ हा शब्द सक्तीचा केला.

रंगमंचालाही इंग्रजीत ‘बोर्ड्‌स’ म्हणतात, कारण नट फळ्यांवर उभा राहतो. सांगली जिल्ह्यातल्या मुलांना हे सांगताना विष्णुदास भावे यांची आठवण अवश्य करून द्यावी. 5 नोव्हेंबर 1843 रोजी त्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले आणि तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. इंग्रजीने नाटकाला पायाखालच्या फळीचे नाव दिले, आपण पायाखालच्या भूमीचे दिले.

बुद्धिबळातही असाच फरक आहे. इंग्रजीत बुद्धिबळाचा बोर्ड, मराठीत पट. पट म्हणजे मुळात वस्त्र. त्यांचा खेळ लाकडावर मांडला, आपला कापडावर अंथरला. वर्गातल्या मुलाने ‘पट’ म्हटले आणि ‘बोर्ड’ लिहिले तरी त्याला चूक म्हणू नये, फक्त हा फरक दाखवावा.

आणि एवढे सगळे सांगून झाल्यावर मुलांना मराठीकडे वळवावे, ही आमची खास विनंती. संस्कृत ‘फलक’ या शब्दाचे अर्थ फळी, ढाल आणि खेळाचा पट असे आहेत. जुन्या इंग्रजीतल्या ‘बोर्ड’लाही फळी आणि ढाल हे दोन्ही अर्थ होते. ढाल लाकडाची होती तोवर दोन्हीकडच्या माणसांना एकच गोष्ट सुचली. त्याच घराण्यातला आपला वर्गातला फळा, आणि त्याच घराण्यातली ‘फळी’. कार्यकर्त्यांची दुसरी फळी, संघाची आघाडीची फळी, तरुणांची फळी, असे आपण रोज म्हणतो. इंग्रजांची फळी टेबल होऊन माणसांपर्यंत पोहोचली आणि आपली फळी ओळीने उभी राहून माणसांपर्यंत पोहोचली. हे उदाहरण मुलांना एकदा दिसले, की शब्दाचा अर्थ पाठ करायचा नसून त्याचा माग काढायचा असतो, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

प्रश्न : लाकडाच्या वखारीत ‘बोर्ड फूट’ असे माप ऐकले. ते घनफुटाहून वेगळे आहे का?
— एक वाचक, फलटण (जि. सातारा)

उत्तर : होय. 1 फूट लांब, 1 फूट रुंद आणि 1 इंच जाड अशा फळीतले लाकूड म्हणजे 1 बोर्ड फूट, म्हणजेच 144 घनइंच. असे 12 बोर्ड फूट मिळून 1 घनफूट होतो. हे माप मुख्यतः अमेरिकेतले आहे. आपल्याकडे सौदा घनफुटावर होतो, तेव्हा भाव कोणत्या मापाचा सांगितला, हे आधी विचारून घ्यावे.

प्रश्न : मी नवीन किराणा दुकान काढत आहे. पेंटर विचारतो, ‘बोर्ड’वर काय लिहू? पण माझा प्रश्न निराळा आहे. याला मराठीत बोर्ड म्हणावे, फलक म्हणावे की पाटी?
— एक दुकानदार, वाई (जि. सातारा)

उत्तर : दुकानासाठी मनापासून शुभेच्छा. कायद्याच्या भाषेत ‘नामफलक’ हा शब्द आहे. 2022 मधल्या दुरुस्तीनंतर तो मराठीत, देवनागरी लिपीत असणे राज्यातल्या सर्व दुकानांना बंधनकारक आहे आणि मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत, एवढे पेंटरला आधी सांगावे. अर्जात आणि परवान्यात ‘नामफलक’ लिहावे. बोलताना मात्र ‘पाटी’ म्हणावे, असा आमचा कौल आहे. ‘फलक’ सभेत शोभतो, निषेधाच्या मोर्चात शोभतो, पण ‘दुकानाचा फलक वाचून आत या’ असे कोणी गिऱ्हाइकाला सांगत नाही. पाटी हा शब्द दारावरच्या नावाला, शाळकरी पोराच्या दगडी पाटीला आणि रस्त्यावरच्या गावाच्या नावाला सारखाच चालतो, आणि तो म्हाताऱ्या माणसालाही समजतो.

एका ठिकाणी मात्र ‘बोर्ड’ला पर्याय शोधू नये, आणि ते म्हणजे एसटी. वाईच्या स्टँडवर उभे राहून पाहा. गाडी फलाटाला लागते, दारातून उतरणारे आणि चढणारे एकमेकांना रेटत असतात, आणि तेवढ्यात समोरच्या काचेतली ‘सातारा’ लिहिलेली पत्र्याची पट्टी निघून तिथे ‘पाचगणी’ची बसते. त्याबरोबर अर्धी गर्दी मागे सरते आणि पिशव्या सांभाळत दुसरीच माणसे पुढे येतात. तिथे बाजारकरू बाईदेखील ‘बोर्ड बदलला की ओ’ असेच म्हणते.